नाव विचारू नका, सोबत करा

लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, थेऊर, कुंजीरवाडी, सोरतापवाडी, उरुळी कांचन, जिथे जिथे हा आवाज पोचतो आहे तिथल्या सगळ्या ताई, मावशी, काकू आणि आजींना माझा नमस्कार. तुम्ही मला ओळखता. दर महिन्याला बैठकीला येते, वह्या तपासते, बँकेचे कागद भरून देते आणि हप्ता थकला की मागेही लागते. आज मात्र हप्त्याचं बोलायचं नाही. आज एचआयव्हीबद्दल बोलायचं आहे.

“बाई, हा विषय आपल्या गटात कशाला? आपल्याकडे कुणाला आहे?” असं कुणीतरी म्हणेल. त्याचं उत्तर सोपं आहे. कुणाला आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत असायचं कारणही नसतं. पण गटात असं काही कळलं तर काय करायचं, हे मात्र आधीच ठरलेलं असलं पाहिजे. आग लागल्यावर विहीर खणायला बसून चालत नाही.

हवेली तालुक्यातल्या एका गटात काय झालं ते सांगते. गटाचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही. त्या ताईला विचारूनच सांगते आहे, आणि तिची ओळख पटेल अशी प्रत्येक गोष्ट मी गाळली आहे.

त्या गटाला दिवाळीच्या फराळाची मोठी ऑर्डर मिळाली होती. चकली, करंजी, शंकरपाळी. कामाची वाटणी झाली. दोन दिवसांनी एक जण माझ्याकडे आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, अमकीला या कामातून काढा. तिच्या पिशवीत ससूनच्या गोळ्या दिसल्या. त्या कसल्या ते मला माहितीय.” संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सहा घरांत गेली. दुसऱ्या दिवशी त्या ताईच्या हातचा चहा कुणी घेतला नाही. तिला कुणी वाईट बोललं नाही, अगदी एक शब्दही नाही. फक्त कप तसेच भरलेले राहिले.

आता या क्षणी तुमच्यातल्या काहींच्या मनात आलंच असेल, “कोण गं ती?” मैत्रिणींनो, तो प्रश्न तिथेच थांबवा. गोळ्या पाहणारीनेही सुरुवातीला इतकंच विचारलं होतं.

पुढे काय झालं ते सांगतेच. आधी आजाराविषयी चार पक्क्या गोष्टी ऐका, कारण भीतीचं मूळ अर्धवट माहितीत असतं.

एचआयव्ही हा विषाणू आहे. तो चार वाटांनी येतो. बाधित व्यक्तीशी निरोधशिवाय शरीरसंबंध, बाधित रक्त, एकमेकांची वापरलेली सुई, आणि उपचार न घेणाऱ्या आईकडून बाळाला, म्हणजे पोटात असताना, बाळंत होताना किंवा अंगावर पाजताना. बस. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, एक टॉवेल वापरल्याने, डास चावल्याने, एकाच संडासात गेल्याने, मिठी मारल्याने तो लागत नाही. तिने लाटलेल्या चपातीतून तो लागत नाही. “भाजी चिरताना तिचं बोट कापलं तर?” असं मला नेहमी विचारतात. कुणाचंही बोट कापलं तर आपण काय करतो? हात धुतो, पट्टी बांधतो, रक्त लागलेली भाजी टाकून देतो. इथेही तेवढंच. अन्नातून हा विषाणू कुणाला लागत नाही.

दुसरी गोष्ट औषधाची. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. त्यांना एआरटी म्हणतात. आधी ठरावीक मर्यादेपर्यंत प्रतिकारशक्ती कमी झाली तरच औषध सुरू करायचे. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच औषध सुरू करायचं असं धोरण झालं. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. ती रोज आणि वेळेवर घेतली तर माणूस कामधंदा करत, मुलं वाढवत, म्हातारं होईपर्यंत जगतो. साखरेच्या आजाराची गोळी रोज घेणाऱ्या किती तरी बाया आपल्या गटांत आहेत, तसंच हे.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल, कारण ती शोधण्यात आपल्या पुण्याचा हात आहे. भोसरीला एक सरकारी संशोधन संस्था आहे, तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होतं आणि तिला नारी म्हणत. जगातल्या नऊ देशांत मिळून १७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. भारतात हा अभ्यास चेन्नई आणि पुण्यात झाला, पुण्यात तो नारीने केला. २०११ साली निष्कर्ष आला की, लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुढे आणखी स्पष्ट झालं. औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. म्हणजे गोळी घेणारी बाई स्वतःला जपते आणि घरच्यांनाही जपते. तिच्या पिशवीतली गोळी पाहून आपल्याला खरं तर धीर यायला हवा.

चौथी गोष्ट बाळाची. काहीच उपचार घेतले नाहीत तर अशा शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. आईने वेळेवर औषध घेतलं आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. म्हणून गरोदरपणात आशाताई तपासणीला चल म्हणाली की जायचं. सगळ्यांचीच तपासणी होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता जरा जड गोष्ट. बाईला एचआयव्ही निघाला की पहिलं बोट तिच्या चारित्र्याकडे जातं. पुण्यातच डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ३९१ स्त्रियांची तपासणी केली. या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया नव्हत्या, बहुतेक घरसंसार करणाऱ्या होत्या. १९९७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या १३.६ टक्के स्त्रियांना, म्हणजे साधारण सातांत एकीला, एचआयव्ही होता. आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध आलेला नव्हता. हे आकडे दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या बायकांचे आहेत, पुण्यातल्या सगळ्या बायकांचे नाहीत. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. मंगळसूत्र घातलं म्हणून बाई सुरक्षित होत नाही, आणि एचआयव्ही झाला म्हणून ती वाईट ठरत नाही.

हे मी पुरुषांना नावं ठेवायला सांगत नाही. आपल्या लोणीत तेलाचे मोठे डेपो आहेत. शेकडो टँकर ये-जा करतात. आपल्यापैकी कित्येकींचे नवरे, भाऊ, दीर त्याच गाड्यांवर आहेत. ड्रायव्हर म्हटलं की एड्स, असं बोलणारेही भेटतात. तेही तितकंच चुकीचं आहे. आजार धंद्यावर नाही, वागण्यातल्या जोखमीवर अवलंबून असतो. एका माणसाला सोडून दुसऱ्याला दोष दिल्याने तपासणीला कुणीच जात नाही, आणि आजार पसरायला तेवढं पुरतं.

तर त्या गटाचं काय झालं? मला दोन सोपे रस्ते दिसत होते. एक, त्या ताईला सांगायचं, “तू थोडे दिवस सुट्टी घे.” दुसरा, तिला सगळ्यांपुढे उभं करून म्हणायचं, “तू स्वतःच सांग, म्हणजे यांची भीती जाईल.” दुसरा रस्ता वरून मोठा धीराचा दिसतो. पण नीट पाहिलं तर त्यात ओझं कुणाच्या डोक्यावर? जिला आधीच त्रास झालाय, तिच्याच. आपली भीती घालवण्यासाठी तिने आपलं आयुष्य उघडं का करावं?

याबाबत आपल्याच भागातल्या दोन जुन्या घटना तुम्हाला सांगते. गोव्यात डॉमनिक डिसोझा नावाचा तरुण होता. तो नेहमी रक्तदान करायचा. १९८९ साली त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. पोलीस त्याला घेऊन गेले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या दवाखान्यात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. तेव्हा गोव्याच्या कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई ल्युसी डिसोझा कोर्टात गेली. डॉमनिक घरी आला, पण कोर्टाने तो कायदा मात्र रद्द केला नाही. त्याचं नाव साऱ्या गोव्याला कळलं होतं, ते त्याने स्वतः सांगितलं नव्हतं. मग त्याने त्या नावानेच काम केलं. त्याच्या पुढाकारातून १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी तो गेला. केवढं मोठं काम! पण त्याला दुसरा पर्यायच कुणी ठेवला नव्हता, हेही लक्षात ठेवा.

दुसरी घटना मुंबईची. एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर काम करणारा एक कामगार होता. कायम करण्याआधी त्याची तपासणी झाली, एचआयव्ही निघाला आणि त्याचं काम गेलं. तो कामाला पूर्ण तंदुरुस्त होता. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला, पण नाव न सांगता. कोर्टाने ते मान्य केलं. कागदांवर त्याचं नाव होतं फक्त ‘एम एक्स’. १९९७ साली निकाल लागला की, माणूस काम करू शकत असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर नुसत्या एचआयव्हीमुळे त्याला कामावरून काढता येणार नाही. तो माणूस कोण, हे आजही आपल्याला माहीत नाही. पण त्याच्या निकालाचा उपयोग देशभरातल्या कित्येकांना झाला.

या दोघांनीही मोठी लढाई लढली. फरक इतकाच की एकाचं नाव त्याच्या हातून हिसकावून घेतलं गेलं आणि दुसऱ्याने ते सांभाळून ठेवलं. नाव सांगून पुढे येणाऱ्या बायकापुरुषांनी आपल्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत पॉझिटिव्ह लोकांच्या संघटना बांधल्या, औषधं मिळावीत म्हणून सरकारशी भांडल्या, त्यांचे उपकार आहेत. पण पुढे यायचं की नाही, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

म्हणून आम्ही तिसरा रस्ता धरला. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना बैठकीला बोलावलं. विषय ठेवला, ‘महिलांचं आरोग्य’. त्यांनी पांडुरोगापासून सुरुवात केली, मग साखर, रक्तदाब आणि मग एचआयव्ही. कुणाचंही नाव नाही, कुणाकडे नजर नाही. बायकांनी मनातलं सगळं विचारलं. एकीने विचारलं, “एकाच वस्तऱ्याने दाढी केली तर?” ताईंनी सांगितलं की, वस्तरा, दाढीचं पातं प्रत्येकाचं वेगळंच असावं, मग एचआयव्ही असो वा नसो, कारण रक्तातून पसरणारे दुसरेही आजार आहेत. एकीने विचारलं, “आणि फराळ?” ताई हसल्या आणि म्हणाल्या, “मला द्या, मी खाते.”

त्यानंतर गटाने ठराव केला आणि तो इतिवृत्तात लिहिला. कोणत्याही आजारामुळे कुणाला गटातून, कर्जातून किंवा कामातून काढायचं नाही. कुणाच्या आजाराची गोष्ट गटाबाहेर न्यायची नाही. दवाखान्याच्या दिवशी गैरहजर राहणारीला दंड नाही. आणि ज्या सभासदाला दवाखान्यात सोबत हवी असेल, तिच्याबरोबर एक जण जाईल. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. एक बाई मात्र गट सोडून गेली, ती अजून परत आलेली नाही. खोटं कशाला सांगू, सगळ्यांचं मन एका बैठकीत बदलत नाही. पण फराळ त्या ताईनेही केला, आणि ऑर्डर वेळेवर गेली.

त्या ताईला मी विचारलं होतं, रेडिओवर तू बोलशील का? ती म्हणाली, “माझा मुलगा दहावीत आहे. त्याची परीक्षा होऊ दे. मग बघू. नाही बोलले तरी चालेल ना?” मी म्हटलं, चालेल.

आता कायद्याचं ऐका. आपल्या देशात २०१७ साली एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा.

तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. नोकरी, शाळाप्रवेश किंवा दवाखान्यात उपचार देण्याआधी “आधी ही तपासणी करून आणा” अशी अट घालता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, कामावरून काढणं, भाड्याचं घर न देणं, शाळेतून काढणं, वेगळं ठेवणं हे सगळं बेकायदा आहे. तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. एचआयव्ही असलेल्या लोकांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि कोर्टात गेलात तर नाव गुप्त ठेवण्याची मागणी करता येते. त्या मुंबईच्या कामगाराने एकट्याने मिळवलं ते आता कायद्यात लिहिलेलं आहे.

बायकांसाठी त्यात आणखी एक मोलाचं कलम आहे. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला, आणि तिच्याबरोबर राहणाऱ्यांनाही, सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. नवरा गेला, सासरच्यांनी “तूच त्याला खाल्लंस” म्हणत बाहेर काढलं, हे किती वेळा ऐकलंय आपण! तसं काढता येत नाही. शिवाय आपल्या हिंदू वारसा कायद्यात विधवा ही नवऱ्याच्या मिळकतीची पहिल्या वर्गाची वारस आहे. आजारामुळे तो हक्क जात नाही. तेव्हा तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्यायला तिच्याबरोबर जा. दुःखाच्या दिवसांत कोऱ्या कागदावर किंवा हक्कसोडपत्रावर सही मागतात, ती करू देऊ नका. आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, तो भरायला मदत करा.

मुलांचंही बोलते. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी सेवालय सुरू केलं. ती मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली होती. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी २००१ साली पालवी हे घर सुरू केलं, तेही नातेवाइकांनी टाकून दिलेल्या लहान मुलींना जवळ घेऊन. ही माणसं थोर आहेत. पण मला वाटतं, अशी घरं लागूच नयेत इतकं तर आपण करू शकतो. ते मूल आपल्याच अंगणवाडीत आपल्या मुलांच्या पंगतीला बसलं, तर त्याला गाव सोडावं लागणार नाही.

शेवटी कामाचं सांगते, वहीत लिहून घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. मी सांगितलेला ठराव तुमच्या शब्दांत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. गटात कुणाला आहे का, हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. हळदीकुंकवाला गावातल्या सगळ्या बायकांना बोलवा, नवरा नसलेल्यांनाही. एकटं पाडण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. ग्रामसभेत महिलांच्या वतीने मागणी करा की, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होताना आडोसा हवा, रांगेत मोठ्याने नाव आणि आजार पुकारायचा नाही. ही मागणी करायला कुणाला एचआयव्ही असायची गरज नाही, आणि ती आपण सगळ्यांनी केली तर कुणा एकीवर नजर जाणार नाही.

तपासणी आणि समुपदेशन सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि गुप्त आहे. औषधाचं केंद्र ससूनला आहे, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयातही आहे. घरात फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. नाव सांगावं लागत नाही.

आणि या क्षणी घरात एकटीच रेडिओ ऐकणारी एखादी बहीण असेल, जिच्या डब्यात ती गोळी आहे आणि जिने कुणालाच सांगितलेलं नाही, तिला एवढंच सांगते. बाई, गोळी चुकवू नकोस. पुढची तारीख पाळ. लोकांना सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, घाई नाही. तुझ्या वतीने बोलायचं काम तोवर आम्ही करतो.

पुढच्या महिन्यात बँकेच्या कर्जाचे नवे नियम घेऊन येईन.